पेटीवाले गोविंदराव

हॉस्टेलच्या गॅदरिंगला आता की-बोर्ड आला, की पोरं खूश. पण आमच्या नामपूरला भजनात अजून पेटीच लागते. भाता ओढायचा आणि बोटं फिरवायची. तिला कोणी हार्मोनियम म्हणत नाही, पेटीच.

ही पेटी मूळची आपली नाही. युरोपात पट्ट्यांच्या वाद्यांचे नाना प्रकार झाले. क्लॅव्हिसिथेरियम नावाच्या एका दुर्मिळ वाद्यात तर तारांचा सांगाडा कपाटासारखा उभा असायचा. त्याचा साधारण 1480 च्या सुमाराचा एक नमुना लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संग्रहात आहे. हार्मोनियम त्यामानाने कालची. पॅरिसच्या देबँ यांनी 1842 साली तिचं पेटंट घेतलं. तिच्यात तारा नाहीत, हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या आहेत. आपल्याकडे आल्यावर कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून वाजवायची हातपेटी रूढ केली. संगीत नाटकवाल्यांनी मात्र उभी पायपेटी जवळ केली. भाता पायाने चालतो, दोन्ही हात मोकळे!

या परक्या वाद्याला मराठी माणसाच्या काळजात जागा मिळवून दिली ती गोविंद सदाशिव टेंबे यांनी. जन्म 5 जून 1881, कोल्हापूरकडचा. पेटी ते बरीचशी आपली आपणच शिकले. पण नुसती बोटं पळवून गाणं होत नाही, हे त्यांना लवकर कळलं. भास्करबुवा बखले यांना त्यांनी गुरू मानलं, त्यांच्या साथीला बसले आणि गवयाचं गाणं पेटीत उतरवायला लागले. अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीचाही त्यांनी ध्यास घेतला. तोवर पेटी म्हणजे गवयामागून चालणारी. गोविंदरावांनी ती एकटीने मैफल रंगवू शकते, हे दाखवून दिलं.

1911 साली किर्लोस्कर मंडळींनी खाडिलकरांचं 'मानापमान' रंगभूमीवर आणलं. त्याच्या चाली गोविंदरावांच्या. उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग त्यांनी मराठी पदांना दिला आणि लोक वेडे झाले. 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे त्यातून बाहेर पडून स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. 1932 साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्र झाले ते हेच, आणि संगीतही यांचंच. शिवाय लेखणीही चालू होतीच.

आता खरी गंमत आपल्या विषयाची. पेटीवर तज्ज्ञांचा राग होता, आणि तो खोटा नव्हता. पेटीत एका सप्तकाचे 12 सारखे भाग करतात. सा 240 हर्ट्झचा धरा. शुद्ध गंधार 300 ला हवा, पेटीचा येतो 302.4 ला. तानपुऱ्याशेजारी हा फरक कानाला टोचतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पट्ट्यांवर निघणार कशी? सांगलीच्या कृ. ब. देवलांनी ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने 22 श्रुतींची पेटी करून यंत्रच सुधारायची खटपट केली. ती काही घरोघरी पोचली नाही. गोविंदरावांची वाट निराळी. आहे त्याच पेटीत, बोटाच्या वजनाने आणि भात्याच्या श्वासाने, त्यांनी मींडेचा भास उभा केला.

तरी 1940 साली आकाशवाणीने पेटीला बंदी केलीच. ज्या वाद्याला आयुष्य दिलं, त्याला सरकारी रेडिओची दारं बंद! 9 ऑक्टोबर 1955 ला गोविंदराव गेले, तेव्हाही बंदी कायम होती. ती सैल व्हायला 1971 साल उजाडलं. ते पाहायला गोविंदराव नव्हते.

आपण प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं की आधी मशीनला नावं ठेवतो. गोविंदरावांना मिळालेलं मशीनच मुळात 2.4 हर्ट्झने चुकीचं होतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी त्यातून गाणं काढलं. पुढच्या वेळी भजनातली पेटी कानावर आली, तर गंधाराकडे जरा लक्ष द्या. आणि वाजवणाऱ्याच्या भात्याकडेही.