देवमंदिराचे राखणदार : संत चार्ल्स बोरोमेओ

आपल्या देवळाची ज्युबिली साजरी करीत असतां आपलें मन सहजच त्याच्या भिंतींकडे, वेदीकडे आणि घंटेकडे वळतें. हें मंदिर उभें करण्यासाठीं ज्यांनीं पोटाला चिमटा घेऊन पैसा दिला आणि अंगमेहनत केली, त्या पूर्वजांचें स्मरण आपण कृतज्ञतेनें करीतच आहों. परंतु देऊळ बांधणें ही एक गोष्ट, आणि बांधलेलें देऊळ देवाचें म्हणून राखणें ही दुसरी. पहिलें काम कांहीं वर्षांत पुरें होतें. दुसरें काम प्रत्येक पिढीला नव्यानें करावें लागतें. हें दुसरें काम ज्यांनीं जन्मभर व्रतासारखें पाळिलें, त्या एका थोर संताचें चरित्र ह्या मंगल प्रसंगीं प्रिय वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें. ते संत म्हणजे मिलानचे आर्चबिशप कार्डिनल चार्ल्स बोरोमेओ.

प्रभु येशूनें येरुशलेमच्या मंदिरांतून विकणाऱ्यांस व सराफांस हांकून दिलें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु तीमधील एक गोष्ट बहुधा आपल्या ध्यानांत येत नाहीं. ते विक्रेते तेथें कांहीं भलत्या कामासाठीं बसले नव्हते. यज्ञाला लागणारीं गुरें व कबुतरें यात्रेकरूंस तेथेंच मिळावींत, मंदिराचा कर भरण्यास योग्य नाणें बदलून मिळावें, अशी ती सोय होती. व्यापार देवळांत शिरतो तो नेहमीं असाच, सेवेकऱ्याचा वेष घेऊन. आणि म्हणूनच त्याला ओळखणें कठीण जातें. संत चार्ल्स ह्यांस ही ओळख फार लहान वयांत पटली होती.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १५३८ रोजीं उत्तर इटलींतील माज्जोरे सरोवराच्या कांठीं, आरोना येथील किल्ल्यांत झाला. वडील काउंट जिल्बेर्तो हे मोठे सरदार असून अत्यंत भाविक होते. मातोश्री मार्गारीता ह्या मेदिची घराण्यांतील. बारा वर्षांचे असतांच चार्ल्स ह्यांस धर्मसेवेच्या पहिल्या पायरीचा मुंडनविधि देण्यांत आला, आणि आरोना येथील एका मठाचें अधिपत्य त्यांच्या नांवें करण्यांत आलें. त्या काळीं थोरामोठ्यांच्या घरांतून अशीं धर्मवतनें चुलत्याकडून पुतण्याकडे वडिलोपार्जित शेताप्रमाणें चालत. मठांत पाऊल न टाकतां मठाचें उत्पन्न खावें, ह्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नसे. परंतु ह्या बारा वर्षांच्या मुलानें वडिलांस स्पष्ट सांगितलें, कीं आपल्या शिक्षणास लागेल तेवढें सोडून ह्या उत्पन्नांतील बाकी सर्व गरिबांचें आहे. तें घराच्या खर्चांत मिसळतां येणार नाहीं. देवाचें धन व घरचें धन ह्यांमधील ही रेघ त्यांनीं पुढें कधींही पुसूं दिली नाहीं.

पाव्हिया येथील विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करून १५५९ सालीं त्यांनीं पदवी संपादन केली. त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यांचे मामा चौथे पायस ह्या नांवानें पोप निवडले गेले, आणि भाचा रोममध्यें बोलावला गेला. जानेवारी १५६० मध्यें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, ते कार्डिनल झाले. मिलानच्या धर्मप्रांताचा कारभारही त्यांच्याकडे आला. इतक्या लहान वयांत इतकी सत्ता हातीं येणें हें कोणाच्याही आत्म्यास धोक्याचें. पण चार्ल्स कामांत बुडून गेले. बोलतांना त्यांची जीभ अडखळत असे; तरी पुढें प्रवचन करणें हें बिशपाचें मुख्य कर्तव्य मानून त्यांनीं मोठ्या कष्टानें हा दोषही ताब्यांत आणिला.

ट्रेंट येथील धर्मसभेचीं शेवटचीं अधिवेशनें ह्याच सुमारास भरलीं. पोपचे प्रतिनिधि व रोम ह्यांमधील सर्व पत्रव्यवहार चार्ल्स ह्यांच्या हातून होई. १७ सप्टेंबर १५६२ च्या अधिवेशनांत पवित्र मिस्साबलिदानाविषयीं जे ठराव झाले, त्यांत बिशपांस तीन गोष्टी समूळ नाहींशा करण्याची आज्ञा होती : लोभ, अनादर आणि अंधश्रद्धा. मिस्सासाठीं सौदा ठरविणें, दानासाठीं भाविकांच्या मागें लागणें, देवळांत हिंडणें, गलका करणें व संसाराच्या गप्पा मारणें, हें सर्व निषिद्ध ठरलें. कागदावरचा हा ठराव दगडामातीच्या देवळांत उतरवून दाखविण्याचें काम पुढें चार्ल्स ह्यांच्या वांट्यास आलें.

१५६२ च्या नोव्हेंबरांत त्यांचे वडील बंधु फेदेरीगो अकस्मात् निवर्तले. आतां चार्ल्स ह्यांनीं संसार करून घराण्याचें नांव चालवावें, असा आप्तांनीं आग्रह धरिला. त्यांनीं उलट मार्ग धरिला. १५६३ मध्यें धर्मगुरुदीक्षा घेतली आणि त्याच वर्षीं ७ डिसेंबरला, मिलानचे प्राचीन बिशप संत अंब्रोज ह्यांच्या सणाच्या दिवशीं, त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. २३ सप्टेंबर १५६५ रोजीं त्यांनीं मिलानमध्यें प्रवेश केला. सुमारें ऐंशी वर्षें त्या धर्मप्रांतांत आर्चबिशप स्वतः राहिलेलाच नव्हता. धनी घरीं नसला म्हणजे घराची जी दशा होते, ती तेथें झाली होती.

मिलानचें महामंदिर जगांतील मोठ्या देवळांपैकीं एक आहे. त्याचें बांधकाम १३८६ मध्यें सुरू झालें. त्या काळीं त्याच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर दरवाजे होते. एका बाजूच्या रस्त्यावरून दुसऱ्या बाजूस जावयाचें तर एवढ्या मोठ्या इमारतीस वळसा घालण्यापेक्षां आंतून जाणें सोयीचें. त्यामुळें इकडे वेदीवर मिस्सा चालली आहे आणि तिकडे ओझीं वाहणारे माल घेऊन मधून जात आहेत, असा प्रकार होई. खांबांमध्यें सरदारांच्या शवपेट्या उंच ठेविलेल्या, निशाणें व शस्त्रें लटकत असलेलीं. जणूं देवाच्या घरांत देवापेक्षां घराण्यांचाच मान मोठा.

चार्ल्स ह्यांनीं ते बाजूचे दरवाजे बंद करविले. जो रस्ता होता तें पुन्हां मंदिर झालें. त्या शवपेट्या व तीं निशाणें काढविलीं. आपल्या आप्तांच्या मानचिन्हांसही त्यांनीं सूट दिली नाहीं. १५६७ मध्यें पेल्लेग्रीनो तिबाल्दी ह्या शिल्पकाराची मंदिराच्या कामावर नेमणूक झाली, आणि वेदीचा भाग व गायनस्थान ह्यांची नवी मांडणी सुरू झाली. पुरुष व स्त्रिया ह्यांनीं एकाग्रतेनें प्रार्थना करावी म्हणून मध्यें लांकडी पडदीही घालण्यांत आली. हे उपाय आज कांहीं वाचकांस कडक वाटतील. त्या काळच्या लोकांसही ते तसेच वाटले. त्यांचा स्वभाव कठोर होता, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु त्या कठोरपणाचा पहिला भार त्यांनीं स्वतःच्याच खांद्यावर घेतला होता. नेपल्सच्या राज्यांतील ओरिया ही आपली जहागीर त्यांनीं ४०,००० सुवर्णमुद्रांस विकली आणि ती सारी रक्कम धर्मकार्यांत व गरिबांत वांटून टाकिली. स्वतःच्या हिशेबाच्या वहींतून त्यांनीं लोभ आधीं काढिला. देवळाच्या दरवाज्याकडे ते त्यानंतर वळले. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आलें.

असें वजन ज्यांस जाचतें, ते स्वस्थ बसत नाहींत. १५६९ सालीं सांता मारिया देल्ला स्काला ह्या देवळाच्या धर्माधिकाऱ्यांनीं आर्चबिशपास तपासणीसाठीं आंत घेण्याचें नाकारून दरवाजा लावून घेतला. गडबडींत बंदुका झाडल्या गेल्या आणि चार्ल्स ह्यांच्या हातांतील क्रूसालाही गोळी लागली. (तें देऊळ पुढें पाडण्यांत आलें, त्याच जागेवर १७७८ मध्यें उघडलेलें स्काला नाट्यगृह आज जगप्रसिद्ध आहे.)

त्याच वर्षीं ह्याहूनही भयंकर प्रकार घडला. मिलान प्रांतांत उमिलियाति, म्हणजे विनम्र जन, ह्या नांवाचा एक मठवासी संघ होता. आरंभीं हे लोक लोंकर विणून साधेपणानें उपजीविका करीत व प्रार्थनेंत काळ घालवीत. पण लोंकरीचा धंदा भरभराटला, पैसा आला, आणि प्रार्थना मागें पडली. चार्ल्स ह्यांच्या वेळीं नव्वदांहून अधिक मठ आणि त्यांत जेमतेम १७० माणसें, अशी स्थिति होती. मठांचें उत्पन्न मात्र अफाट. सुधारणेचा हुकूम निघतांच त्यांतील कांहींनीं आर्चबिशपास ठार मारण्याचा कट केला. फारिना नांवाच्या त्यांच्यांतीलच एका धर्मगुरूनें पैसे घेऊन हें काम पत्करिलें. ते पैसे कोठून उभे केले? आपल्याच देवळांतील पवित्र अलंकार विकून! धंदा देवळांत शिरला कीं शेवट कोठें होतो, ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

२६ ऑक्टोबर १५६९ च्या संध्याकाळीं चार्ल्स आपल्या वाड्यांतील प्रार्थनामंदिरांत वेदीपुढें गुडघे टेकून बसले होते. भजन चाललें होतें. फारिनानें मागून गोळी झाडिली. आपला अंतकाळ आला असें समजून चार्ल्स ह्यांनीं आपला जीव देवाच्या हवालीं केला, परंतु प्रार्थना थांबवूं दिली नाहीं. ती पुरी झाल्यावरच ते उठले. गोळी वस्त्रांस लागून अंगावर केवळ सूज उठली होती. मारेकऱ्यांचे प्राण वांचावे म्हणून त्यांनीं रदबदली केली. पण राजदंड टळला नाहीं. १५७१ मध्यें पोप पांचवे पायस ह्यांनीं तो संघच विसर्जित केला.

आतां त्यांच्या चरित्रांतील असा प्रसंग सांगावयाचा आहे, कीं ज्यावांचून वरील सर्व हकीकत अपुरी राहील. १५७६ च्या उन्हाळ्यांत मिलानमध्यें प्लेगनें थैमान मांडिलें. गव्हर्नर शहर सोडून गेला; श्रीमंतांनीं खेडीं जवळ केलीं. आर्चबिशप मात्र राहिले. त्यांनीं मृत्युपत्र करून ठेविलें आणि ते रोग्यांच्या झोपड्यांतून हिंडूं लागले. गळ्यांत दोर बांधून, अनवाणी पायांनीं, प्रभूच्या क्रूसाचा पवित्र खिळा हातीं घेऊन त्यांनीं प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढिल्या. पैसा संपला तेव्हां कर्ज काढिलें. थंडीनें कुडकुडणाऱ्या गरिबांसाठीं वाड्यांतील भरजरी पडदे फाडून त्यांचीं वस्त्रें शिवविलीं.

रोगाच्या भीतीनें लोकांस घरांत कोंडून राहावें लागलें. देवळांत जातां येईना. तेव्हां चार्ल्स ह्यांनीं काय करावें? ज्यांनीं रस्ता देवळांतून काढून टाकिला, त्यांनींच वेदी रस्त्यावर आणिली. शहराच्या चव्हाट्यांवर वेद्या उभारण्यांत आल्या, आणि खिडक्यांतून, उंबरठ्यांवरून रोगी व निरोगी माणसें मिस्साबलिदानांत भाग घेऊं लागलीं. जेथें एरव्हीं भाव ठरत, तेथें प्रभूचें शरीर उंच धरिलें जाऊं लागलें. बाजाराचा त्यांस तिटकारा होता असें जें कोणी समजत, त्यांस येथें उत्तर मिळालें. बाजारांतील माणसें त्यांचींच लेंकरें होतीं. बाजारानें देवळाचा धनी होऊं नये, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

प्लेग ओसरत असतांच, १५७७ मध्यें, त्यांचा मंदिररचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच सालीं ऑक्टोबरांत त्यांनीं महामंदिराचें विधिपूर्वक पवित्रीकरण केलें. त्या ग्रंथांत देवळाची जागा कशी असावी, तबेले, गुत्ते व बाजार ह्यांच्या गलबल्यापासून तें कसें दूर असावें, येथपासून वेदी, दिवे, पवित्र पाण्याचें पात्र आणि मध्यें जाळी असलेलें पापनिवेदनाचें आसन येथपर्यंत बारीकसारीक सूचना आहेत. एवढा मोठा पुरुष दिव्याच्या तेलाचाही विचार करितो, ह्याचें कारण उघड आहे. प्रेम असलें म्हणजे माणूस लहान गोष्टी विसरत नाहीं.

अविश्रांत श्रम व उपवास ह्यांनीं देह झिजून गेला होता. १५८४ च्या शरदृतूंत वाराल्लो येथें एकांतांत प्रार्थना करीत असतां ज्वर आला. तशाच स्थितींत ते मिलानला परतले आणि ३ नोव्हेंबरच्या रात्रीं, वयाच्या अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. १ नोव्हेंबर १६१० रोजीं पोप पांचवे पौल ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. त्यांचा सण ४ नोव्हेंबरला येतो, आणि त्यांचा देह त्यांनींच राखिलेल्या त्या महामंदिरांत विसावला आहे.

हें सर्व दूरच्या देशांतील म्हणून आपणांस परकें नाहीं. ज्या ट्रेंटच्या धर्मसभेची शिस्त संत चार्ल्स ह्यांनीं १५६५ मध्यें आपल्या पहिल्या प्रांतिक सभेंत मिलानला लाविली, तिचेच ठराव समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर आले. १५६७ सालीं गोव्यांत पहिली प्रांतिक धर्मसभा भरली, आणि त्या काळीं वसईपर्यंतचे ख्रिस्ती त्याच आर्चबिशपांच्या छत्राखालीं होते. आपल्या देवळांत आज जी शांतता आहे, तिच्या पायाशीं असल्या कष्टांचे दगड आहेत.

वाचकहो, आपल्या देवळांतून कोणी बैल हांकीत नेत नाहीं. परंतु सणाच्या दिवशीं दुकानांचा गलका वेदीपर्यंत पोहोंचत नाहीं ना? मोठ्या देणगीदाराचें नांव संताच्या नांवाहून ठळक होत नाहीं ना? मिस्सा चालू असतां आपल्या मनांत उद्यांचा भाव, शेताची हद्द, घरचा वाद ये-जा करीत नाहींत ना? तो बाजूचा दरवाजा प्रत्येकाच्या अंतःकरणांत आहे. देवळाच्या खर्चास पैसा लागतो आणि तो देणें हें पुण्यच आहे. पण दिलेला पैसा देवाचा झाला, त्यावर आपला हक्क उरला नाहीं, हें आरोनाच्या त्या बारा वर्षांच्या मुलाकडून आपण शिकावें.

ज्युबिलीचे दिवे विझतील, पताका उतरतील. त्यानंतरच्या पहिल्या साध्या रविवारीं आपण कोणत्या पावलांनीं देवळांत शिरतों, ह्यावरून ही ज्युबिली खरी झाली कीं नाहीं तें ठरेल. संत चार्ल्स ह्यांच्या मध्यस्थीनें तीं पावलें आपणां सर्वांची हळुवार पडोत, हीच प्रभुचरणीं आमची विनवणी.