नाडीचा आलेख

फ्रान्समधील बोन या गावी १८३० साली एत्येन-झ्यूल मारे याचा जन्म झाला. त्याचा ओढा यंत्रविद्येकडे होता. परंतु वडिलांच्या इच्छेखातर तो पॅरिसला जाऊन वैद्यक शिकला. यंत्रांची आवड मात्र सुटली नाही, आणि ते बरेच झाले!

वैद्य रोग्याची नाडी पाही तेव्हा जे कळे, ते केवळ त्याच्या बोटाला कळे. मागे कसलीही खूण उरत नसे. १८६० साली मारेने मनगटावर बांधावयाचे एक सुटसुटीत यंत्र तयार केले. ठोका पडला की त्यातील पोलादी पट्टी उचलली जाई, तिच्यावरील हलकी तरफ हाले आणि काजळी धरलेल्या कागदावर ठोक्याचा आकार उमटे.

पुढे त्याने बुटांच्या तळव्यांत हवेच्या पोकळ्या ठेवून त्या रबरी नळ्यांनी हातातील लेखनयंत्राला जोडल्या. पाऊल टेकताच हवा दाबली जाई व रेघ वर चढे. अशीच साधने घोड्याच्या खुरांना बसवून, दुडक्या चालीत त्याचे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात, हे त्याने दाखविले. नुसत्या डोळ्यांना हे कधीच दिसले नव्हते. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिजने घेतलेल्या छायाचित्रांनी त्यास पुष्टी मिळाली.

पण उडत्या पक्ष्याला नळ्यांचे ओझे कसे पेलावे? म्हणून १८८२ साली मारेने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनविला. चाप ओढला की सेकंदाला बारा छायाचित्रे निघत, आणि पक्षी सुखरूप उडून जाई.

१९०४ साली मारे निवर्तला. आज रुग्णाच्या बुटात विद्युत् दाबमापके बसवून त्याची चाल तपासतात. त्यांना नळ्या लागत नाहीत, एवढेच.