मुकुंद रामराव जयकर

मुकुंद रामराव जयकर (१३ नोव्हेंबर, १८७३ – १० मार्च, १९५९) हे कायदेपंडित, राजकीय नेते, संविधान सभेचे सदस्य आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. निवडणुकीचे व राज्यघटनेचे नियम संबंधित पक्षांच्या संमतीने ठरावेत, हा प्रश्न त्यांच्या राजकीय जीवनात वारंवार उभा राहिला.

राजकीय कारकीर्द

जयकर यांनी मुंबईत बॅरिस्टर म्हणून नाव मिळवले. जालियनवाला बाग हत्याकांडाच्या चौकशीसाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. पुढे ते स्वराज्य पक्षातर्फे मुंबई कायदेमंडळात गेले. डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्ता येथील सर्वपक्षीय परिषदेत नेहरू अहवालावर चर्चा झाली. केंद्रीय विधिमंडळात मुसलमानांना एकतृतीयांश जागा देण्याची दुरुस्ती मोहम्मद अली जीना यांनी मांडली. तेजबहादूर सप्रू यांनी तडजोडीचा आग्रह धरला, तर जयकर यांनी दुरुस्तीला विरोध केला. ती फेटाळली गेली.

पुणे करार

२४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगात झालेल्या पुणे कराराच्या वाटाघाटींत जयकर व सप्रू यांनी मध्यस्थी केली. या करारानुसार प्रांतिक कायदेमंडळांत दलित वर्गांना स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांतून १४८ राखीव जागा मिळाल्या. संबंधित समाजांच्या परस्पर संमतीने वेगळा निर्णय होईपर्यंत राखीव जागांची ही पद्धत चालू राहील, असे त्यात नमूद होते. त्यामुळे केवळ बहुसंख्येच्या बळावर ती बदलण्यास अटकाव झाला.

संविधान सभा

जयकर १९३७ ते १९३९ या काळात फेडरल कोर्टाचे न्यायाधीश होते. त्यानंतर त्यांची प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर नियुक्ती झाली. संविधान सभेत १६ डिसेंबर १९४६ रोजी त्यांनी उद्दिष्टांच्या ठरावाला दुरुस्ती सुचवली. मुस्लिम लीग व संस्थानांचे प्रतिनिधी सभेत येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा, असे तिचे स्वरूप होते. अनेक सदस्यांनी तिला विरोध केला. मात्र दुसऱ्या दिवशी बाबासाहेब आंबेडकर यांनी एकजुटीच्या दृष्टीने जयकरांच्या भूमिकेस पाठिंबा दिला. ठरावावरील निर्णय जानेवारीपर्यंत लांबला. लीगचे सदस्य आले नाहीत आणि २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव संमत झाला. पुढे जयकरांनी सभेचा राजीनामा दिला.

उत्तरायुष्य

१९४८ ते १९५६ या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. तेथील ग्रंथालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.