भास्कराचार्यांची एक कवडी

सहावीत असताना अंकगणिताच्या पेपरात माझा अर्धा गुण कापला गेला होता. चार-नवमांशाला तीन-अष्टमांशाने गुणायचे होते. मी अंशाला अंशाने गुणले, छेदाला छेदाने गुणले आणि १२/७२ असे उत्तर लिहून मोकळा झालो. गुरुजींनी तांबड्या शाईने खाली रेघ ओढली. संक्षिप्त रूप दिलेले नव्हते. उत्तर चूक नाही आणि तरी गुण जातो, हे काही केल्या मला पटेना. तक्रार आजोबांकडे नेली. ते रविवार पेठेतल्या एका आडत दुकानात दिवाणजी होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सारे त्यांना मुखोद्गत. पाऊणला पावाने गुणा म्हटले तर ते गुणाकार करीतच नसत; बारा आण्यांचा चौथा हिस्सा तीन आणे, एवढे सांगून पुन्हा पानाला चुना लावू लागत. मालाचे बहात्तर भाग करून त्यातले बारा उचलणारे गिऱ्हाईक त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेले नव्हते. अर्थात माझ्या अर्ध्या गुणाची बाजू त्यांनीही घेतली नाही.

पुढे एम.एस्सी.ला असताना ग्रंथालयात ‘लीलावती’ हाती लागली, आणि ज्या माणसाचे नाव आपण शाळेत नुसते पाठ केले होते तो या अर्ध्या गुणाच्या भांडणात मला अचानक पंच म्हणून भेटला.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. ही अटकळ नव्हे. आपल्या ‘गोलाध्याया’त त्यांनी स्वतःच ते सांगून ठेवले आहे. वडील महेश्वर, गोत्र शांडिल्य, आणि गुरू वडीलच. गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड. या गावावरून आमच्या प्राध्यापक-कक्षात दर दोन-तीन वर्षांनी वाद रंगतो. कानडी विभागातील मित्र विजापूर सोडायला तयार नसतात, आणि मराठी विभागातील मंडळी चाळीसगावजवळचे पाटण धरून बसतात. पाटणच्या बाजूने एक शिलालेख आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. पण तो आचार्यांच्या नातवाच्या कामगिरीचा आहे. त्यावरून आजोबांचे जन्मगाव ठरत नाही, असे माझे मत आहे आणि त्यापायी दोन्ही बाजूंचा रोष मी पत्करला आहे. कानडी मित्रांनी अभिमानच बाळगायचा तर नवव्या शतकातील महावीराचार्यांचा बाळगावा. राष्ट्रकूट नृपतुंग अमोघवर्षाच्या काळातला त्यांचा ‘गणितसारसंग्रह’ अपूर्णांकांच्या बाबतीत लीलावतीपेक्षाही ऐसपैस आहे.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ या पूर्वसूरींचे ऋण ते मोकळेपणाने मान्य करतात. त्यांचे ग्रंथ फार विस्तृत, म्हणून आपण सार काढले, अशी त्यांची भूमिका. तेव्हा अपूर्णांकांच्या गुणाकाराचा नियम त्यांनी शोधला असे कोणी म्हणू नये. ब्रह्मगुप्ताला तो पाचशे वर्षे आधीच ठाऊक होता. भास्कराचार्यांचे वेगळेपण त्यांच्या उदाहरणांत आहे.

नियम एका ओळीचा: अंशांच्या गुणाकाराला छेदांच्या गुणाकाराने भागावे. मग पहिले उदाहरण येते ते दोन पूर्णांक एक-सप्तमांश आणि दोन पूर्णांक एक-तृतीयांश यांचे. त्या काळी अंश वर आणि छेद खाली मांडीत, मध्ये रेघ नसे. १५/७ गुणिले ७/३ म्हणजे १०५/२१, आणि उत्तर नेमके पाच. इतके ओबडधोबड अपूर्णांक, आणि बाहेर पडते ती पूर्ण संख्या! लगेच दुसरे उदाहरण अर्धा गुणिले एक-तृतीयांश, उत्तर एक-षष्ठांश. एकदा गुणाकाराने संख्या वाढली, एकदा दोन्हींपेक्षा लहान झाली. गुणले की वाढते, ही लहानपणाची समजूत त्यांनी काही न बोलता अशी मोडून काढली आहे.

पण माझे आवडते उदाहरण ‘प्रभागजाती’चे, म्हणजे भागाच्या भागाचे. एका कंजूष माणसाकडे याचक येतो. फार विनवणी केल्यावर तो एक द्रम्म मनात धरतो, त्याचे अर्धे करतो, अर्ध्याचे दोन-तृतीयांश, त्याचा पाऊण भाग, त्याचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा, आणि त्याचाही चौथा हिस्सा देतो. तर किती कवड्या दिल्या? वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण आणि सोळा पणांचा द्रम्म, हे कोष्टक ग्रंथाच्या आरंभीच दिलेले आहे. सरळ गुणत गेले तर ६/७६८० येते. सहाने अपवर्तन केले, आजच्या भाषेत संक्षेप दिला, की १/१२८०. द्रम्माच्या कवड्या बरोबर १२८०, म्हणजे एवढ्या उलाढालीनंतर याचकाच्या हातावर पडली एक कवडी. मराठीने अशा माणसाला कवडीचुंबक म्हणावे हे किती यथार्थ! ६/७६८० या आकड्यात हा विनोद कुठेच दिसत नाही. माझा अर्धा गुण गेला तो का गेला, हे मला इथे समजले.

हे उदाहरण मी दरवर्षी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गाला घालतो. बहुतेक जण ७६८० पर्यंत इमानेइतबारे जातात. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी गुणायला तयारच नव्हती. तिने वरचे दोन खालच्या दोनने आणि वरचे तीन खालच्या तीनने आधीच छेदून टाकले. खाली उरले चार, पाच, सोळा, चार. चार पंचे वीस, मग सोळा, मग चार, असे बोट ठेवून तिने मला विचारले की, सर, हे तर कोष्टकच नव्हे का? वीस कवड्या, सोळा पण, चार काकिणी. म्हणजे कोष्टक आधी घेतले, ते दोनने आणि तीनने झाकले आणि उदाहरण रचले. आचार्यांनी असे कुठे लिहिलेले नाही, पण आकडे इतके चोख बसतात की मला तरी शंका उरली नाही. वीस वर्षे ते उदाहरण मी शिकवीत होतो आणि मला ते दिसले नव्हते, हे येथे लिहून ठेवतो.

छेदाछेदीत खुद्द आचार्यही एकदा घसरले आहेत. एखाद्या संख्येला शून्याने गुणले आणि पुढे शून्यानेच भागायचे असले, तर संख्या जशीच्या तशी राहिली असे समजावे, असा नियम त्यांनी दिला. कोणत्या संख्येला शून्याने गुणून, त्यात त्याचेच अर्धे मिळवून, तिनाने गुणून, शून्याने भागले असता ६३ येतात? त्यांचे उत्तर चौदा. वरखालचे शून्य त्यांनी दोन-तीनसारखे सरळ छेदले. यात पुढच्या सीमा-कल्पनेची चाहूल आहे असे काही अभ्यासक म्हणतात. असेलही; पण आजच्या परीक्षेत याला गुण मिळणार नाहीत. बेरजेतला ‘क’ वरखाली खोडून टाकणारी मुले मी दर सत्रात पाहतो. त्यांच्यावर रागावताना मला हे चौदा आठवतात आणि आवाज थोडा खाली येतो.

लीलावती ही त्यांची कन्या, घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी ग्रंथ झाला, ही कथा सर्वांना माहीत आहे. ती अकबराच्या दरबारातील फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून पसरली. आचार्यांनी स्वतः ती सांगितलेली नाही. कवडीच्या उदाहरणात तर संबोधन ‘वत्स’ असे आहे. म्हणजे त्यांच्यासमोर बसणारे शिष्य अनेक असावेत.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रहगणिताचा सुटसुटीत ग्रंथ लिहिला. या वयात माणूस नवे काही लिहिण्यापेक्षा जुन्याचे कौतुक ऐकत बसतो. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी गेले, आणि नातू चांगदेव सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले. याच चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी पाटणला मठ स्थापन केला. त्याचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण पाटणच्या बाजारातील मालावरचा कर मठाला कसा द्यायचा, हा शेवटचा व्यवहाराचा भाग जुन्या मराठीत कोरलेला आहे. आजोबांना तो वाचायला नक्की आवडला असता. त्या करावर चालणाऱ्या मठात एखादा वत्स कवडीचे उदाहरण करताना ६/७६८० वरच थांबला असेल, आणि चांगदेवांनी पाटीवर बोट ठेवून त्याला पुढे जायला सांगितले असेल.