मेरी डेलनी

मेरी डेलनी (१४ मे १७०० – १५ एप्रिल १७८८) ह्या अठराव्या शतकातील इंग्लिश कलावंत व पत्रलेखिका होत्या. वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कातरून व चिकटवून फुलांची चित्रे करण्याची स्वतःची पद्धत शोधली आणि पुढील सुमारे दहा वर्षांत अशी ९८५ चित्रे पूर्ण केली. ह्या चित्रांना त्या कागदी मोझेइक म्हणत. कोलाज (चिकटचित्र) हा शब्द त्या काळी कलेच्या परिभाषेत नव्हता. पिकासो व ब्राक यांनी १९१२ च्या सुमारास ह्या तंत्राला आधुनिक चित्रकलेत स्थान दिले, त्याच्या १४० वर्षे आधी डेलनी यांचे काम सुरू झाले होते.

पूर्वायुष्य

मेरी ग्रॅनव्हिल यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील कूलस्टन येथे झाला. घराणे राजदरबाराशी संबंधित होते. राणी ॲनच्या सेवेत मानाची जागा मिळावी, ह्या अपेक्षेने त्यांना लहानपणी लंडनमध्ये आत्याकडे ठेवण्यात आले. तेथे त्यांना संगीत, नृत्य, कशिदा व फ्रेंच भाषेचे शिक्षण मिळाले. संगीतकार हँडल यांना त्यांनी बालवयातच ऐकले आणि पुढे हा स्नेह आयुष्यभर टिकला. १७१४ मध्ये राणीचे निधन झाले, सत्तापालटात ग्रॅनव्हिल घराण्याचे दिवस पालटले आणि कुटुंबाला ग्लॉस्टरशरमधील खेड्यात जाऊन राहावे लागले.

१७१८ मध्ये काका लॉर्ड लॅन्सडाउन यांनी राजकीय सोयीसाठी त्यांचा विवाह अलेक्झांडर पेंडार्व्हज ह्या संसद-सदस्याशी लावून दिला. वधू सतरा वर्षांची, तर वर साठीच्या घरातला होता. हा विवाह त्यांच्या इच्छेविरुद्ध झाला होता आणि त्याबद्दलची कटुता त्यांच्या आत्मचरित्रपर लेखनात स्पष्ट दिसते. पेंडार्व्हज संधिरोगाने व मद्यपानाने खंगत गेले आणि १७२५ मध्ये वारले. मृत्युपत्रात पत्नीसाठी योग्य तरतूद करायची राहून गेली होती, त्यामुळे संपत्ती मिळेल हा विवाहामागचा हिशेबही चुकला. मात्र वैधव्याने त्यांना त्या काळच्या अविवाहित मुलीला किंवा विवाहितेला नसलेली मोकळीक दिली. पुढील अठरा वर्षे त्या आपल्या मर्जीने राहिल्या.

१७३१ मध्ये त्या आयर्लंडला गेल्या. तेथे लेखक जोनाथन स्विफ्ट आणि त्यांचे मित्र, धर्मोपदेशक पॅट्रिक डेलनी यांच्याशी त्यांची ओळख झाली. १७४३ मध्ये त्यांनी डेलनी यांच्याशी विवाह केला. वराचे कुळ कमी प्रतीचे म्हणून माहेरचा विरोध होता, पण हा विवाह सुखाचा ठरला. डब्लिनजवळील डेलव्हिल ह्या घरी त्यांनी बाग फुलवली, शंखशिंपल्यांची सजावट केली आणि भरतकाम केले. काळ्या रेशमावर नैसर्गिक फुले भरलेला त्यांचा दरबारी पोशाख विशेष उल्लेखनीय आहे. पुढील कागदी चित्रांची काळी पार्श्वभूमी पाहताना ह्या भरतकामाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

कागदी फुले

१७६८ मध्ये पॅट्रिक डेलनी यांचे निधन झाले. त्यानंतर मेरी वर्षातील बराच काळ आपली मैत्रीण, पोर्टलंडची डचेस मार्गारेट बेंटिंक, हिच्या बल्स्ट्रोड येथील वाड्यात घालवू लागल्या. तेथे वनस्पतींचा व शिंपल्यांचा मोठा संग्रह होता आणि जोसेफ बँक्स व डॅनिएल सोलँडर यांच्यासारखे वनस्पतिशास्त्रज्ञ येत असत. फूल उलगडून त्याचे भाग मोजण्याची लिनियसची पद्धत मेरी यांना ह्याच सहवासात परिचयाची झाली.

१७७२ मध्ये टेबलावरील लाल कागदाचा तुकडा व शेजारच्या जिरेनियमच्या फुलाचा रंग एकच असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी कात्रीने त्या कागदाच्या पाकळ्या कापल्या आणि डचेसला त्या खऱ्याच वाटल्या, असे सांगितले जाते. त्याच वर्षी शरद ऋतूत त्यांनी भाचीला पत्राने ही नवी पद्धत कळवली.

समोर ताजे फूल ठेवून, आधी रेखाटन न करता त्या थेट कात्री चालवत. कागद काही वेळा त्या स्वतः जलरंगाने रंगवत, तर काही चीनहून आलेले असत. रंग ओघळून वाया गेलेला कागदही त्यांच्या उपयोगी पडे, कारण अशा कागदात पाकळीवरच्या छटा आयत्याच मिळत. काळ्या रंगाने रंगवलेल्या कागदावर देठ, पाने, निदले, पुंकेसर असा एकेक तुकडा चिकटवला जाई. उजेड व सावली ह्यांसाठी एकावर एक फिकट-गडद थर देत, क्वचित कुंचल्याचा हात फिरवत. काही चित्रांत वनस्पतीचे खरे पानही बसवलेले आढळते. पॅसिफ्लोरा लॉरिफोलिया ह्या कृष्णकमळाच्या जातीच्या चित्रात केवळ फुलासाठी २३० हून अधिक तुकडे आहेत. मोझेइकमध्ये दगडाचा तुकडा दुसऱ्याशेजारी बसतो, येथे मात्र तो बहुधा दुसऱ्यावर बसतो. तेव्हा त्यांनी दिलेले नाव तंत्रापेक्षा संयमाला अधिक शोभते.

प्रत्येक चित्रासोबत वनस्पतीचे लॅटिन नाव, लिनियसच्या पद्धतीनुसार वर्ग व गण, तयार केल्याची तारीख व ठिकाण आणि बहुधा रोप देणाऱ्याचे नाव आहे. त्यामुळे हा संग्रह कलाकृतीइतकाच त्या काळच्या इंग्लंडमध्ये आलेल्या वनस्पतींची नोंदवही म्हणूनही वाचता येतो. राजा तिसरा जॉर्ज व राणी शार्लट यांनी ह्या कामात रस घेतला आणि क्यू येथील उद्यानातून दुर्मिळ रोपे त्यांच्याकडे येऊ लागली.

अखेरची वर्षे

हजार चित्रे पूर्ण करण्याचा त्यांचा मानस होता. परंतु दृष्टी मंदावत गेली आणि १७८२ मध्ये त्यांनी कात्री खाली ठेवली. १७८५ मध्ये डचेसचे निधन झाल्याने बल्स्ट्रोडचा आसराही गेला. तेव्हा राजाने त्यांना विंडसर येथे घर व सालाना ३०० पौंड निवृत्तिवेतन दिले. कादंबरीकार फॅनी बर्नी यांचा राजघराण्याशी परिचय त्यांच्याच घरी झाला. मेरी डेलनी यांचे लंडन येथे निधन झाले.

बहीण ॲन हिला व इतरांना लिहिलेली त्यांची पत्रे लेडी लॅनोव्हर ह्या वंशजेने १८६१-६२ मध्ये सहा खंडांत प्रसिद्ध केली. कागदी चित्रांचे दहा खंड लेडी लॅनोव्हर यांच्याच मृत्युपत्रान्वये १८९७ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आले. 'फ्लोरा डेलानिका' ह्या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह तेथील मुद्राचित्रे व रेखाचित्रे विभागात आहे.