कै. रावबहादूर डॉ. विश्राम रामजी घोले

आपल्या गवळी समाजातील ज्या थोर पुरुषांचे पुण्यस्मरण प्रत्येक कुटुंबात व्हावयास हवे, त्यांत डॉ. विश्राम रामजी घोले यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचा जन्म सन १८३३ मधील. घराणे कोकणातले, लष्करी पेशाचे. विश्रामजींनी मात्र शस्त्रक्रियेची विद्या हस्तगत केली आणि प्रथम लष्करात व पुढे पुण्यात निष्णात शल्यवैद्य म्हणून नाव मिळविले. सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली.

पण पदवी मिळाली म्हणून ते समाजापासून दूर गेले नाहीत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे ते एक आधारस्तंभ होते. पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणूनही त्यांनी लोकसेवा केली. १८८८ साली जोतीरावांस पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांच्यावर उपचार केले. त्यानंतर जोतीरावांनी डाव्या हाताने ग्रंथ लिहिला व त्यात डॉक्टरांचे ऋण नमूद केले.

डॉक्टरांची कन्या काशीबाई. लाडके नाव बाहुली. मुलीस शिकविणे हे पाप मानण्याचा तो काळ. आप्तांचा विरोध न जुमानता पित्याने तिला शिकविण्यास आरंभ केला. त्या रोषापोटी कोणी तिला काचा घातलेला खाऊ दिला, असे सांगतात. १८७७ साली, वयाच्या अवघ्या आठव्या वर्षी, ती निष्पाप बालिका गेली. असंख्य रोग्यांस बरे करणाऱ्या पित्यास स्वतःचे अपत्य वाचविता आले नाही!

या दुःखाने ते सूडाकडे वळले नाहीत, की त्यांनी आपला मार्गही सोडला नाही. बाहुलीच्या स्मरणार्थ त्यांनी पाण्याचा हौद बांधिला व तो सर्व जातींस खुला केला. अस्पृश्यांस पाणवठ्यावर मज्जाव होता, त्या दिवसांतील ही गोष्ट आहे. धाकट्या गंगूबाईचे शिक्षणही त्यांनी थांबविले नाही. १९०० साली त्यांचे देहावसान झाले. पुण्यातील घोले रस्ता आजही त्यांचे नाव सांगतो.

प्रस्तुत लेखकाने आयुष्य शाळेत घालविले. लग्न ठरले म्हणून हुशार मुलींची नावे पटावरून कमी करण्याचा प्रसंग त्याच्यावर अनेकदा आला, आणि पालकांस अडविण्याचे धैर्य दर वेळी झाले नाही. ही खंत मनात आहे. बंधुभगिनींनो, डॉक्टरांच्या तसबिरीस हार घालताना आपल्या घरच्या बाहुलीची शाळा सुटलेली नाही ना, एवढे प्रत्येकाने पाहावे. हेच त्यांचे खरे स्मारक होय.