बियांची वाट शोधणारे आघारकर

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. रस्त्याचे नाव आणि संस्थेचे नाव यांत एका अक्षराचा काय तो फरक. त्यामुळे ही संस्था ‘सुधारक’कार आगरकरांचीच, असे बाहेरगावचाच काय, पुण्यातला माणूसही बिनदिक्कत सांगून जातो. प्रत्यक्षात रस्ता आहे टेंभूच्या समाजसुधारकाचा आणि संस्था आहे मालवणच्या वनस्पतिशास्त्रज्ञाची. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे त्यांचे नाव. आपल्या हयातीत विज्ञानाच्या जगात देशभर ओळखला गेलेला हा माणूस आज आपल्याच लोकांत नामसाधर्म्याच्या सावलीत उभा आहे.

विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात मात्र ते नकळत येऊन गेलेले आहेत. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवर एमएसीएस अशी अक्षरे आणि पुढे ११८८ सारखा आकडा असतो. आघारकरांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे होत. पण मला आघारकरांची आठवण होते ती सोयाबीनमुळे नव्हे. आमच्या गोंदिया जिल्ह्यात दर पावसाळ्यात झाडे लावण्याची धामधूम सुरू झाली, की मला हा माणूस आठवतो. खड्डे खणले जातात, रोपे येतात, छायाचित्रे निघतात. यातले कोणते झाड रानात आपले आपण कसे जन्माला येते, त्याचे बी कोण नेते, कुठे टाकते, हे कोणी विचारत नाही. आघारकरांच्या आयुष्याच्या टप्प्याटप्प्यावर हाच प्रश्न नव्या रूपात त्यांच्यासमोर येत गेला.

त्यांचा जन्म मालवणचा, १८ नोव्हेंबर १८८४ चा. उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १९०९ मध्ये ते एम.ए. झाले आणि पुढे तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी जीवशास्त्राच्या मास्तराला वनस्पती आणि प्राणी असा भेद फारसा परवडत नसे. आघारकर सह्याद्रीत हिंडत, सापडेल ते पाहत, टिपून ठेवत. अशाच भटकंतीत १९११ च्या सुमारास सातारा भागातल्या घाटातील नदीच्या गोड्या पाण्यात त्यांना चिमुकले जेलीफिश सापडले. जेलीफिश म्हणजे समुद्राचा जीव, अशी सर्वसामान्य समजूत. गोड्या पाण्यातला या कुळीचा प्राणी तोवर आफ्रिकेतल्या सरोवरांत ठाऊक होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि सह्याद्रीतला हा जीव जगाच्या नकाशावर आला.

शोध प्राण्याचा असला, तरी त्यातून उभा राहणारा प्रश्न पुढे वनस्पतींच्या बाबतीत आघारकरांच्या सोबतीला राहिला. आफ्रिकेतल्या जीवाचा भाऊबंद सह्याद्रीच्या डोहात आला कुठून? मधे तर अख्खा समुद्र आहे. जे जीव स्वतः चालू शकत नाहीत, ते इतके लांबचे प्रवास करतात तरी कसे?

कलकत्ता विद्यापीठात तेव्हा सर आशुतोष मुखर्जी नवे विज्ञान महाविद्यालय उभारत होते. सर रासबिहारी घोष यांच्या देणगीतून प्राध्यापकांची पदे निर्माण झाली आणि वनस्पतिशास्त्राच्या पदावर १९१४ मध्ये आघारकरांची निवड झाली. तिशीतल्या मराठी माणसाला बंगालने सन्मानाने बोलावले होते. अधिक अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिशांचे प्रजाजन असल्यामुळे ते शत्रूच्या देशात अडकून पडले. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस यांचीही तीच गत झाली. परतीची वाट बंद, घरापासून हजारो मैल लांब, आणि सभोवती युद्ध. पण हा काळ त्यांनी वाया जाऊ दिला नाही. वनस्पतींचे भौगोलिक वितरण या विषयात जगभर मान्यता असलेले अ‍ॅडॉल्फ एंग्लर बर्लिनला होते. त्यांच्या हाताखाली आघारकरांनी काम केले आणि १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट मिळवली.

त्या प्रबंधाचा विषय पाहा. सिंध, राजपुताना, पंजाब या वायव्येकडच्या कोरड्या मुलखातील वनस्पती, त्यांची बी पसरवण्याची साधने आणि त्या वनस्पतींचे मूळ. हा प्रबंध १९२० मध्ये एंग्लर यांच्या वार्षिकात छापून आला. आपल्या अंगणातली उदाहरणे घेतली तर विषय सोपा होतो. रुईचे बोंड फुटले की रेशमी केसांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर निघतात. आघाडा आणि गोखरू आपल्या कपड्यांना, गुरांच्या अंगाला चिकटून गावोगाव जातात. तेरड्याची बोंडे बोट लागताच तडकतात. नारळ पाण्यावर तरंगत किनारा गाठतो. वड-पिंपळाची फळे पक्षी खातात आणि बी भिंतीच्या फटीत टाकून जातात. प्रत्येक झाडाने आपल्या लेकरांच्या प्रवासाची अशी काही तरी तजवीज केलेली असते. कोणत्या वनस्पतीजवळ प्रवासाचे कोणते साधन आहे हे कळले, की ती कुठून आली असेल याचा माग काढता येतो. पिलूसारखे झाड आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे थेट राजस्थानपर्यंत भेटते, ते काही उगाच नव्हे.

युद्धानंतर आघारकर कलकत्त्याला परतले आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाला दिली. या काळात बंगालपुढे एक संकट उभे होते. दिसायला ते फार देखणे होते. जांभळट फुलांची जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी म्हणून आणली गेली आणि बघता बघता तिने नद्या, खाड्या, भाताची खाचरे झाकून टाकली. होड्या अडल्या, मासेमारी बसली. १९२१ मध्ये सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९३६ मध्ये जलपर्णीसाठी खास कायदाच करावा लागला.

लोक जलपर्णी उपसत होते, जाळत होते, तिच्यावर औषधे मारत होते. आघारकर आणि त्यांचे सहकारी आय. बॅनर्जी यांनी मूळ गोष्टीला हात घातला. या वनस्पतीचे परागण कसे होते आणि तिला बी कशी धरते, याचा अभ्यास त्यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केला. वरकरणी ही पुस्तकी जिज्ञासा वाटेल. पण विचार करा, जलपर्णी फक्त आडव्या धुमाऱ्यांनी वाढत असेल, तर एकदा झाडून सारी उपसली की काम संपले. तिला बी धरत असेल, तर तळ्यातल्या गाळात पुढच्या पिढ्या दडून बसणार आणि पाणी स्वच्छ झाल्यासारखे दिसले तरी लढाई संपलेली नसणार. जलपर्णी दोन्ही मार्गांनी वाढते आणि तिची बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. शत्रूचा वंश कसा वाढतो हे समजल्याशिवाय त्याला हटवता येत नाही.

पुढे १९३५ मध्ये पी. एन. भादुरी यांच्यासह त्यांनी केळीच्या निरनिराळ्या प्रकारांतील गुणसूत्रांच्या संख्येवर लिहिले. घरची केळ बिनबियांची आणि रानकेळ बियांनी गच्च भरलेली, असे का, या कोड्याचे उत्तर गुणसूत्रांच्या हिशेबात दडलेले आहे. आपल्या खाण्यातल्या बहुतेक केळींत गुणसूत्रांचे तीन संच असतात; त्यांची नीट वाटणी होत नाही आणि बी धरत नाही. म्हणून केळीचा वंश माणसाने मुनवे काढून लावले तरच चालतो. शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या हाताने माहीत होते. आघारकरांच्या पिढीने ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

१९४६ मध्ये ते कलकत्त्याहून निवृत्त झाले. वय बासष्टीकडे झुकलेले. पेन्शनीत निघालेला माणूस या वयात घराच्या गॅलरीत आरामखुर्ची टाकतो. आघारकरांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी करायला घेतली. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली विज्ञानसंस्था त्यांनी जवळून पाहिली होती. तिथेच रामन यांच्या हातून नोबेल पारितोषिकाचे काम झाले. सरकारी नोकरीच्या चौकटीबाहेर, लोकांनी चालवलेली अशी संस्था महाराष्ट्रात का नसावी? स्वतःची इमारत नव्हती. पुण्याच्या लॉ कॉलेजच्या वास्तूत प्रयोगशाळा सुरू झाल्या. संस्थापक-संचालक म्हणून ते अखेरपर्यंत काम करीत राहिले. मुंबई राज्याच्या गॅझेटियरसाठी त्यांनी औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, तो १९५३ मध्ये निघाला. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

त्या ग्रंथात आमचा भाग नाही. असणार कसा? १९५६ पर्यंत भंडारा-गोंदियाचा मुलूख मध्य प्रदेशात होता. पण आघारकरांनी आयुष्यभर ज्या दोन महानगरांत विद्या घेतली आणि दिली, त्यांना नागपूरमार्गे जोडणारा लोहमार्ग आमच्या गोंदियावरूनच जातो. आणि बंगालच्या जलपर्णीने त्यांना जो धडा दिला, तो आमच्या तलावांच्या काठी आज जसाच्या तसा लागू पडतो.

गोंदिया-भंडारा हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे मालगुजारी तलाव. कोलू पाटलांच्या नावाने ओळखला जाणारा नवेगाव बांध हा त्यांचा शिरोमणी. या तलावांत कमळे-कुमुदे आहेत, देवधान आहे, पाण्याखाली हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती आहेत. व्हॅलिस्नेरियाचे लग्न तर पाहण्यासारखे असते. तिची नरफुले तळाशीच देठ सोडून वर तरंगत येतात. मादीफूल लांब, बारीक देठावर पृष्ठभागाशी येऊन थांबते. भेट झाली की देठ स्प्रिंगसारखा वळत जातो आणि फळ पाण्याखाली नेऊन पिकवतो. एवढा नाजूक मामला जमायला पाणी उथळ, स्वच्छ आणि उन्हाला वाट देणारे हवे. याच वनस्पतींच्या आडोशाने मासे अंडी घालतात, पाणपक्षी चरतात आणि ढीवरांची चूल पेटते.

अशा तलावांत बेशरम घुसली. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती कुंपणाला म्हणून लावली गेली. गुरे तिला तोंड लावत नाहीत, आणि तुटलेल्या फांदीचा तुकडा चिखलात पडला तरी तो रुजतो. नावच लोकांनी किती अचूक दिले आहे! २०१० च्या दशकात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढीवर समाजातील स्त्री-पुरुषांनी काही तलावांत वेगळी वाट धरली. उन्हाळ्यात तलाव आटला की बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा, आणि पावसाळ्यात चांगल्या तलावांतून देशी पाणवनस्पती आणून लावायच्या. कोणती वनस्पती खोल पाण्यात, कोणती काठाला, हे ठरवताना ढीवरांचे पिढीजात ज्ञान उपयोगी पडले. नुसती साफसफाई करून ते थांबले नाहीत, मोकळ्या जागी वंश कोणाचा वाढावा याचीही त्यांनी सोय केली. आघारकरांना हे काम मनापासून आवडले असते, असे मला वाटते.

रानातल्या झाडांचेही तेच. सागाच्या फळाचे कवच इतके कठीण, की पेरण्यापूर्वी ते आळीपाळीने भिजवावे आणि वाळवावे लागते. चारोळीची आठोळी बेताने फोडावी लागते. बीजा आणि ऐन यांची फळे पंखांची, ती वाऱ्याची वाट पाहतात. तेंदू मुळांतून फुटवे काढतो आणि त्याची फळे अस्वल दूरवर नेते. मोहाकडे वटवाघळे येतात. मोहाचे बी तर अगदी हळवे. झाडावरून पडल्यावर काही आठवड्यांतच त्याची उगवण्याची शक्ती सरते. पावसाळ्यात लावायला गुलमोहर आणि सुबाभळीची रोपे सहज मिळतात, मोहाची मिळत नाहीत, याचे एक कारण हेच. मोहाचे बी पोत्यात भरून पुढच्या हंगामाची वाट पाहत नाही.

आमच्याकडे जूनच्या सुमारास बायाबापड्या मोहाच्या टोळी वेचतात. त्या वाळवून, फोडून तेलासाठी घाण्यावर जातात, आणि त्यात वावगे काही नाही. गरिबाच्या घरचे ते गोडेतेल आहे. फक्त त्यातली ओंजळभर, एकाच झाडाखालची नव्हे तर पाच-दहा निरनिराळ्या झाडांखालची, त्याच आठवड्यात बांधावर किंवा मातीच्या पिशवीत टोचली पाहिजे. शाळेच्या पोरांना ते सहज जमेल. खर्च काही नाही. झाडाच्या वेळापत्रकाप्रमाणे आपण चालायचे, एवढीच अट आहे.